ड्राफ्ट्समन ते ‘राजा’ : लाला दीनदयाळ

एक मुलगा इंजिनिअरिंग कॉलेजमधून पास झाला. पीडब्ल्यूडीत नोकरी लागली, पगार सुरू झाला, घरचे खूश. जवळजवळ वीस वर्षं त्याने इमानेइतबारे एस्टिमेट काढली, ड्रॉइंग्ज केली. आणि चाळिशी गाठल्यावर सरकारी नोकरी सोडून तो चक्क फोटोग्राफर झाला!

आज असं कोणी केलं तर घरी काय रामायण होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मित्र-मैत्रिणींनो, ही गोष्ट आजची नाही. ती १८८५ च्या सुमाराची आहे. तेव्हा कॅमेरा खिशात नव्हे, बैलगाडीत मावायचा. सरकारी नोकरी म्हणजे तर सात पिढ्यांचं कल्याण! आणि हा माणूस पुढे एवढा मोठा झाला की हैदराबादच्या निजामाने त्याला ‘राजा’ हा किताब दिला. त्यांचं नाव लाला दीनदयाळ. भारतातल्या फोटोग्राफीचा इतिहास त्यांच्या नावाशिवाय पुराच होत नाही.

आपल्या कॉलेजात कॅमेरा आणि मोबाईल घेऊन फिरणारे खूप आहेत. सूर्यास्त, फुलं, पक्षी, गॅदरिंगचे फोटो सगळे काढतात. पण पूल, कालवा, बंधारा, बुरूज, जुनी विहीर, म्हणजे माणसाने जमिनीवर उभं केलेलं काहीतरी, त्याचा फोटो मुद्दाम कोण काढतं? ‘त्यात काय आहे?’ असं आपल्याला वाटतं. दीनदयाळांनी आयुष्याचा मोठा भाग नेमकं हेच केलं. आणि ते आपल्यासारखेच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते, म्हणून त्यांची गोष्ट आपल्या अंकात यायलाच हवी.

दीनदयाळांचा जन्म १८४४ सालचा, उत्तर प्रदेशात मेरठजवळच्या सरधना गावचा. घराणं जैन, जवाहिऱ्याच्या व्यवसायातलं. मुलगा हुशार निघाला आणि रुडकीच्या थॉमसन सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजात दाखल झाला. आज ज्याला आपण आयआयटी रुडकी म्हणतो आणि ज्याच्या कट-ऑफकडे बघून उसासे टाकतो, तेच हे कॉलेज. १८४७ साली ते सुरू झालं त्याचं मुख्य कारण म्हणजे गंगेचा कालवा. एवढा प्रचंड कालवा खोदायचा तर शिकलेली माणसं हवीत, ती आणायची कुठून? म्हणून कॉलेज. १८५४ मध्ये कालव्यात पाणी सोडलं गेलं. रुडकीजवळ हा कालवा सोलानी नदीच्या अंगावरून पुलासारखा पलीकडे जातो. खाली नदी, वर कालवा! कोवळ्या वयाच्या दीनदयाळांचं शिक्षण अशा गावात झालं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या काळी कॉलेजात वेगवेगळे वर्ग होते. साहेब इंजिनिअर तयार करणारा वर्ग वेगळा आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांचा वेगळा. दीनदयाळ शिकले ते या खालच्या वर्गात. म्हणजे डिझाईन साहेबाने करायचं आणि मोजमाप, नकाशा, हिशेब यांनी करायचा. १८६६ मध्ये ते पास झाले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून रुजू झाले. वय अवघं बावीस.

एस्टिमेटर म्हणजे काय ते सिव्हिलवाल्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्या ब्रँचसाठी सांगते. समोर भिंत असेल तर कवीला ती भिंत दिसते, एस्टिमेटरला तिची लांबी, रुंदी, उंची, दगड किती, चुना किती, गवंडी किती आणि दिवस किती हे दिसतं. ड्राफ्ट्समनचंही तसंच. रेष वाकडी गेली की काम वाकडं. ही नजर एकदा बसली की जात नाही. दीनदयाळांच्या पुढच्या सगळ्या फोटोंत हीच नजर आहे असं मला वाटतं.

१८७४ च्या सुमाराला त्यांनी फोटोग्राफी सुरू केली. सुरुवातीला नोकरी सांभाळून केलेला छंदच होता तो. तेव्हा भारतात फोटोग्राफी अगदीच नवी नव्हती. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले मराठी फोटोग्राफर. पण इंदूरसारख्या संस्थानी गावात, सरकारी कचेरीतल्या एका ड्राफ्ट्समनने कॅमेरा हाती घेणं ही साधी गोष्ट नव्हती. सामान महाग, केमिकल्स परदेशातून यायची आणि शिकवणारं कोणी नाही.

इथे त्यांना आधार मिळाला तो इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर यांचा. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे, कारण होळकरांच्या दरबारातूनच या माणसाची ओळख पुढे मोठ्या इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत गेली. मध्य भारतातले गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डॅली यांनीही त्यांना उत्तेजन दिलं. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचे युवराज, प्रिन्स ऑफ वेल्स, भारतात आले तेव्हा दीनदयाळांना त्यांचे फोटो काढायची संधी मिळाली. छंद आता छंद राहिला नव्हता.

आता जरा टेक्निकल भाग. कंटाळू नका, व्हायवाला विचारणार नाहीत!

त्या काळात फिल्म नव्हती, काच होती. स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण पसरायचं, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत लगेच डेव्हलप करायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. वाळली की संपलं. म्हणजे फोटोग्राफर जिथे जाईल तिथे त्याच्याबरोबर अंधाराचा तंबू, बाटल्या, पाणी, काचांच्या पेट्या आणि हमाल हे सगळं लटांबर जायचं. १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि हे काम थोडं सोपं झालं. तरी काच ती काचच. खडकाळ रस्त्यावर गाडी उसळली की आठवडाभराची मेहनत फुटली.

आणखी एक गंमत. तेव्हा फोटो मोठा करून छापायची सोय आजच्यासारखी नव्हती. काच कागदावर ठेवायची आणि उन्हात धरायची. जेवढी काच तेवढा फोटो. मोठा फोटो हवा तर मोठी काच, मोठी काच तर मोठा कॅमेरा. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप असायचा, म्हणून त्या जुन्या फोटोंना तो खास तपकिरी तकाकीचा रंग आहे. आपण मोबाईलवर फिल्टर लावून आणतो ना, तोच!

आता इमारतीचा फोटो काढताना एक अडचण नेहमी येते. तुम्ही स्वतः करून बघा. उंच मिनाराच्या पायाशी उभं राहून कॅमेरा वर केला की मिनार मागे पडतोय असं वाटतं. उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. त्या काळच्या भात्याच्या कॅमेऱ्यात यावर उपाय होता. कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये ठेवायचा आणि फक्त पुढची लेन्सची पाटी वर सरकवायची. मग काचेवर मिनार सरळसोट उभा राहतो. फर्स्ट इयरला आपण एलिव्हेशन काढतो तसा. मागच्या घासलेल्या काचेवर चित्र उलटं दिसतं, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि उलट्या इमारतीच्या रेषा ओळंब्यात आहेत का ते बघायचं. हे काम ड्राफ्ट्समनइतकं चांगलं कोण करणार?

१८८२ मध्ये डॅलींच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. काम होतं जुन्या वास्तूंचे फोटो काढण्याचं. ग्वाल्हेरचा किल्ला, सांचीचे स्तूप, दतिया आणि ओरछाचे राजवाडे. १८८६ मध्ये ग्रिफिन यांचं मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचं पुस्तक निघालं, त्यात दीनदयाळांचे फोटो आहेत. याच काळात, १८८१ ते १८८३ दरम्यान, सांचीच्या पडलेल्या तोरणांची दुरुस्ती मेजर कोल यांच्या देखरेखीखाली झाली. म्हणजे आज आपण सहलीला जाऊन बघतो ती सांची आणि तेव्हाची सांची यात फरक आहे. हा फरक आज कळतो तो अशा फोटोंमुळे. दगड बोलत नाही, पण त्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी त्याला उभा केला की बरंच काही सांगतो.

त्यांच्या वास्तूंच्या फोटोंत बऱ्याचदा एखादा माणूस दिसतो. पायरीवर बसलेला, खांबाला टेकून उभा. पहिल्यांदा वाटतं, हा मध्ये कुठून आला? पण तो मुद्दाम आहे. माणूस साधारण साडेपाच फुटांचा धरला तर खांब किती, कमान किती, घुमट किती याचा अंदाज लगेच येतो. नकाशाच्या कोपऱ्यात आपण स्केल देतो, तसा हा जिवंत स्केल. त्याच्यामुळे फोटो कोरडा राहत नाही हे वेगळंच. एवढी अजस्र भिंत आणि तिच्यासमोर एवढासा माणूस, आणि भिंत बांधणाराही असाच एवढासा माणूस. हे एका फोटोत येतं.

१८८५ च्या सुमाराला त्यांनी निर्णय घेतला. आधी रजा घेतली आणि मग सरकारी नोकरीच सोडली. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांनी त्यांना आपला फोटोग्राफर म्हणून नेमलं आणि हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबाराचं दार उघडलं. १८८६ मध्ये सिकंदराबादला स्टुडिओ सुरू झाला. काम एवढं वाढलं की मुलंही धंद्यात आली. ग्यानचंद आणि धरमचंद ही त्यांची नावं. १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ निघाला. पडद्यातल्या स्त्रिया पुरुष फोटोग्राफरसमोर कशा बसणार? म्हणून तिथे कॅमेऱ्यामागे एक इंग्रज बाई होती. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाला बक्षीस मिळालं. १८९४ मध्ये निजामाने ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. निजामाने त्यांच्या कौतुकात शेर रचल्याचंही सांगतात. १८९६ मध्ये मुंबईतही स्टुडिओ सुरू झाला. म्हणजे खालच्या वर्गात शिकलेला ड्राफ्ट्समन आता राजा दीनदयाळ झाला होता.

आता आपल्या भागाकडे येऊ या. तेव्हा बीड जिल्हा आणि अख्खा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. म्हणजे दीनदयाळ हे अर्थातच आपल्याही राज्यातले दरबारी फोटोग्राफर! निजामाच्या मुलखातल्या देखाव्यांचा एक अल्बम त्यांनी १८९२ च्या सुमाराला तयार केला. त्यात वेरूळ आहे, दौलताबाद आहे. आपल्या शाळेच्या सहली जिथे जातात तीच ठिकाणं.

दौलताबादच्या किल्ल्याचा विचार करा. डोंगर निसर्गाचा, पण त्याचा खालचा कडा माणसांनी तासून भिंतीसारखा उभा केलेला. भोवती खडकात खोदलेला खंदक. शेजारी चांद मिनार. कुठे निसर्ग संपला आणि कुठे माणूस सुरू झाला तेच कळत नाही. वेरूळचं कैलास तर त्याहून वेगळं. तो बांधलेलाच नाही, वरून खाली कोरलेला आहे. सिव्हिलच्या भाषेत, सगळं एक्स्कॅव्हेशन, कन्स्ट्रक्शन शून्य! राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, लेणी खोदणाऱ्यांनी डोंगरातून नको तो दगड काढून टाकला आणि देऊळ मागे ठेवलं. अशा जागेचा फोटो काढणं महाकठीण. देऊळ खड्ड्यात, तिन्ही बाजूंनी कडे, मागे सरायला जागा नाही. अर्ध्या भागावर कडक ऊन, अर्ध्यावर गडद सावली. आजचा कॅमेराही तिथे गोंधळतो. त्या काळची काच तर निळ्या आकाशाला फार लवकर पांढरी करायची आणि सावलीतलं काही पकडायची नाही. म्हणून फोटोग्राफरला दिवसाचा नेमका तास शोधावा लागायचा. एका फोटोसाठी सूर्याची वाट बघत बसायची चिकाटी हवी.

इथपर्यंतची गोष्ट यशाची आहे. किताब, बक्षिसं, राजवाडे. पण मला दीनदयाळ खरे महत्त्वाचे वाटतात ते त्यांच्या स्टुडिओच्या एका वेगळ्या कामामुळे. त्यात राजवाडा नाही आणि देऊळही नाही. आहे फक्त रस्ता.

१८९९-१९०० मध्ये देशाच्या मोठ्या भागात भयंकर दुष्काळ पडला. निजामाचं राज्यही सुटलं नाही. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, खडी. दुष्काळात लोकांना काम देऊन जगवायचं, ही पद्धत १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सगळीकडे रूढ झाली होती. निजाम सरकारने आपल्या लोकोपयोगी कामांचे फोटो काढून घेतले आणि ते काम दीनदयाळांच्या स्टुडिओकडे आलं. त्यात औरंगाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर भागातल्या, दुष्काळी रस्त्याच्या कामाचे फोटो आहेत.

गेवराईकरांनो, हा औरंगाबाद जिल्हा तेव्हा किती जवळ होता माहीत आहे? जालना जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला. त्याआधी अंबड, जालना हे सगळं औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. आपण शहागडचा पूल ओलांडून गोदावरीपलीकडे गेलो की तोच जिल्हा सुरू. म्हणजे दीनदयाळांच्या स्टुडिओचा कॅमेरा आपल्या शेजारच्या जिल्ह्यात दुष्काळ बघत उभा होता.

आता हे फोटो कशासाठी काढले, हे विसरून चालणार नाही. सरकार किती चांगलं काम करतंय हे दाखवण्यासाठी ते होते. आजच्या जाहिरातीसारखंच. पैसे निजामाचे, अल्बम निजामाचा, पाहणारे बडे साहेब. दीनदयाळ दरबारी फोटोग्राफर होते, सरकारवर टीका करायला ते गेले नव्हते. शिवाय एवढ्या मोठ्या स्टुडिओतला प्रत्येक फोटो त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेला नसणार, मुलं होती, नोकरमाणसं होती. हे सगळं मान्य.

पण कॅमेऱ्याचं एक बरं असतं. समोर जे आहे ते सगळं काचेवर येतं. मालकाला दाखवायचा असतो रस्ता आणि फोटोत येतात रस्ता करणारी माणसं. कैलासाच्या फोटोत ते कोरणारे हात दिसत नाहीत, हजार वर्षांपूर्वीच मातीत गेले. दौलताबादचा कडा तासणाऱ्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. पण औरंगाबादच्या दुष्काळी रस्त्याच्या फोटोत मात्र बांधकाम आणि बांधणारा एकाच काचेवर आहेत. मघाशी मी जिवंत स्केल म्हटलं ना, इथे तो स्केल राहत नाही. इथे तोच विषय होतो. रस्त्याची लांबी-रुंदी मोजायची तर ती या माणसांच्या भुकेच्या मापाने मोजावी लागते.

हे आपल्याला परकं नाही. बीड जिल्ह्यात कुठल्याही आजीला १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारा. खडी फोडायला गेलेली असेल नाहीतर नाला बंडिंगच्या कामावर माती वाहिलेली असेल. सुकडी आणि लाल मिलो यांची चव अजून तिच्या तोंडात असेल. त्या काळातले पाझर तलाव आजही आपल्या आजूबाजूला आहेत, आपण त्यांच्या बंधाऱ्यावरून गाडी घेऊन जातो. त्याच सुमाराला वर पैठणला जायकवाडीचं काम चाललं होतं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्याचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. रुडकीला गंगेचा कालवा तसा आपल्याला हा. आपण त्याच्याकडे कधी नीट बघितलंय? तळाचं अस्तर, बाजूंचा उतार, वळणावरची रेष, संध्याकाळी पाण्यात पडणारी बाभळीची सावली. बीडची खजाना विहीर, पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं देऊळ, गावोगावच्या ढासळत चाललेल्या गढ्या. यातल्या किती गोष्टींचा चांगला फोटो आपल्यापैकी कोणाकडे आहे?

परदेशात या प्रकाराला कला म्हणून मान मिळायला बराच वेळ लागला. जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, भट्ट्या यांचे फोटो काढले. ढगाळ उजेडात, समोरून, सरळ रेषेत, अगदी एलिव्हेशनसारखे. १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला एक प्रदर्शन भरलं, माणसाने बदललेल्या भूप्रदेशाचं. त्यात बेखरही होते. तिथपासून गोदामं, पार्किंगच्या जागा, नव्या वसाहती हाही फोटोचा विषय असतो हे लोकांना पटू लागलं. हे सगळं चांगलं आहेच. पण आपल्याकडे १८८२ मध्येच एक ड्राफ्ट्समन तीच सरळ रेष आणि तीच शिस्त घेऊन किल्ल्यांसमोर उभा होता, हे आपल्याला माहीत असायला काय हरकत आहे?

शेवटची वर्षं सोपी नव्हती. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन निजामाच्या राज्यात आले, वरंगळ भागात शिकार झाली, तिथला मारलेल्या वाघासोबतचा कर्झन पती-पत्नींचा फोटो फार प्रसिद्ध आहे. १९०३ च्या दिल्ली दरबाराचंही काम झालं. पण १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला. पुढच्याच वर्षी, ५ जुलै १९०५ ला, राजा दीनदयाळ गेले. वय एकसष्ट. त्यांच्यामागे स्टुडिओची ती भरभराट राहिली नाही. राजे-नवाबांच्या जिवावर चालणाऱ्या धंद्याचं तसंच होतं, आणि आता लोकांच्या हातात छोटे कॅमेरेही येऊ लागले होते.

मग मागे काय राहिलं? काचा. १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळवल्या आणि त्या तिथे जपल्या आहेत. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. कॅनडात टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये २०१३ मध्ये त्यांच्या फोटोंचं मोठं प्रदर्शन झालं. ज्या काचा गाडीच्या एका हिसक्याने फुटल्या असत्या, त्या शंभर वर्षांहून जास्त टिकल्या. आणि आपण मागच्या वर्षी काढलेले फोटो? जुना मोबाईल बिघडला आणि सगळे गेले, हे ऐकायला येतंच की.

त्या काचा आज उपयोगी पडतात त्याचं आणखी एक कारण आहे. त्यांच्यावर नंबर घातलेले आहेत आणि कशाचा फोटो आहे ते लिहिलेलं आहे. शेवटी एस्टिमेटरचीच सवय! नुसता सुंदर फोटो शंभर वर्षांनी कोड्यासारखा होतो. नाव आणि नंबर असलेला फोटो पुरावा होतो.

आपल्याकडे आता पुष्कळ बदलतंय. धुळे-सोलापूर महामार्ग चौपदरी झाला, जुना रस्ता बाजूला पडला. जुने दगडी पूल, मोऱ्या, बारवा, वाडे एकेक करून जात आहेत. त्यांची ड्रॉइंग्ज कुठे असतीलच असं नाही. पण आपल्या खिशात कॅमेरा आहे आणि आपण ड्रॉइंग शिकलेले आहोत, हा योग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

म्हणून या सुट्टीत एक काम करू या. प्रत्येकाने आपल्या गावातलं माणसाने बांधलेलं एक काहीतरी निवडायचं. बंधारा, विहीर, पूल, गढी, पाझर तलाव, काहीही. कॅमेरा लेव्हलमध्ये धरायचा, ऊन बघून वेळ ठरवायची, शेजारी एक माणूस उभा करायचा. फोटोखाली गाव, तारीख आणि माप लिहायचं. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की हे काम कोणी केलं, कोण कोण खडी फोडायला होतं. त्यांची नावंही फोटोखाली लिहायची. १९०० च्या त्या रस्त्यावरच्या माणसांची नावं कोणी लिहिली नाहीत. १९७२ ची अजून लिहिता येतील, पण फार वर्षं नाही.